विद्यार्थ्यांची विज्ञानकथा वेबमालिका आणि लोकवर्गणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर आणि परभणी येथे शिकणाऱ्या आम्हा काही मित्रांनी लोकवर्गणीतून पाच भागांची विज्ञानकथा वेबमालिका केली, तेव्हापासून मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून विद्यार्थी आम्हाला प्रश्न पाठवत आले आहेत. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. कायदा आणि कर यांविषयीची उत्तरे सर्वसाधारण माहितीपुरती आहेत. प्रत्यक्ष पैसे गोळा करण्यापूर्वी जवळच्या सीएंना आपली कागदपत्रे एकदा अवश्य दाखवावीत.

१. लोकवर्गणीतून मालिका करायची म्हणजे नेमके काय? ही गणपतीच्या किंवा सप्ताहाच्या वर्गणीसारखीच गोष्ट आहे का?

मुळात तीच गोष्ट आहे. गावात सप्ताह बसतो तेव्हा कोणी पोतेभर गहू देतो, कोणी एका पंगतीचा खर्च उचलतो, कोणी एकवीस रुपयांची पावती फाडतो, आणि काल्यानंतर जमाखर्च मंदिराच्या फळ्यावर लागतो. फरक इतकाच की सप्ताहाला देणाऱ्याला सप्ताह कसा असतो हे ठाऊक असते, तर मालिकेला देणारा माणूस अजून अस्तित्वातच नसलेल्या वस्तूसाठी खिशात हात घालत असतो. त्यामुळे आपण काय करणार, किती पैशांत करणार आणि केव्हा दाखवणार हे त्याला आधी लेखी कळले पाहिजे.

पैसे तीन प्रकारे घेता येतात: परतफेडीच्या अपेक्षेविना, एखाद्या भेटीच्या बदल्यात, किंवा नफ्यातील हिश्शाच्या बदल्यात. विद्यार्थ्यांनी दुसरा प्रकार निवडावा असे आमचे स्पष्ट मत आहे. तिसऱ्याविषयी प्रश्न ९ पाहावा. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९७६ साली आलेल्या ‘मंथन’ या चित्रपटासाठी गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते.

२. मराठवाड्यात विज्ञानकथा घडू शकते हे लोकांना पटेल का? विषय कोठून आणावा?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत अधिक वेळा येतो, आणि त्यामागचा संकोच आम्हीही अनुभवलेला आहे. परंतु आपल्या आसपास पाहिले तर विषयांची वानवा नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातील प्रचंड वस्तूंच्या हालचालींतून उठणाऱ्या अतिसूक्ष्म लहरींची, वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून लेसर किरण धावतील आणि भुजांच्या लांबीत पडणारा, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असलेला फरक मोजला जाईल. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली लहर प्रथम टिपली. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरची थरथर आणि अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली ती लहर एकाच नोंदीत आली तर वेगळी कशी काढायची, हा शास्त्रज्ञांपुढील खरा प्रश्न आहे, आणि ज्योतिर्लिंगाच्या गावात राहणाऱ्या एखाद्या मुलीच्या कथेचा आरंभही तो होऊ शकतो.

लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. छत्रपती संभाजीनगरातून २०१९ साली विमानाने ढगांत बीजारोपण करून कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला. त्याच शहराखालून १७ व्या शतकात मलिक अंबरने बांधलेली नहर जाते, आणि तिची भूमिगत वाट ही भविष्यातील एखाद्या जलव्यवस्थेच्या कथेला आयती पार्श्वभूमी आहे. किल्लारीच्या भूकंपाचा विषय घ्यायचा असेल, तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्यांनी आपली माणसे गमावली ते आजही आपल्यात आहेत, हे लक्षात ठेवून आधी त्यांच्याशी बोलावे आणि मगच लिहावे.

मोहिमेच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. न्यूयॉर्कवर उतरणाऱ्या तबकडीसाठी सेलूचा दुकानदार शंभर रुपये देणार नाही. त्याच्या बोअरच्या पाण्याविषयीच्या कथेसाठी देईल. विज्ञान मात्र तपासून घ्यावे. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील प्राध्यापक किंवा गावातील विज्ञानाचे शिक्षक पटकथा आनंदाने वाचतात, फक्त त्यांना पुरेसा वेळ द्यावा.

३. एकूण किती पैसे लागतील? उद्दिष्टाची रक्कम कशी ठरवावी?

मानधनाविना काम करणाऱ्या वीस जणांचा गट, बारा दिवसांचे चित्रीकरण आणि प्रत्येकी बारा मिनिटांचे पाच भाग असे उदाहरण घेऊ. जेवण आणि चहा माणशी रोज २०० रुपये धरल्यास ४८,००० होतात. कॅमेरा, लेन्स आणि दिवे यांचे भाडे रोज ४,००० धरल्यास आणखी ४८,०००, ध्वनिमुद्रणासाठी रोज २,००० धरल्यास २४,०००, प्रवास व डिझेल ३०,०००, नेपथ्य व वेशभूषा ४०,०००, हार्ड डिस्क १६,००० आणि संकलन, दृश्यपरिणाम, संगीत व ध्वनिमिश्रण मिळून ४४,००० असे धरले, तर बेरीज २,५०,००० होते. त्यावर दहा टक्के राखीव धरले की २,७५,०००. आकडे आपल्या गावातील दरांप्रमाणे बदलतील, पण मांडणी हीच ठेवावी.

येथे जवळजवळ प्रत्येक गट एक चूक करतो. लोकवर्गणीच्या संकेतस्थळाचे, म्हणजे व्यासपीठाचे, शुल्क, पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचे) शुल्क, या शुल्कांवरील १८ टक्के जीएसटी आणि भेटवस्तूंचा खर्च मिळून जमा रकमेतील १२ टक्के जाणार असतील, तर २,७५,००० मध्ये १२ टक्के मिळवून ३,०८,००० हे उद्दिष्ट ठेवले जाते. परंतु कपात गोळा झालेल्या संपूर्ण रकमेवर होते, त्यामुळे हातात २,७१,०४० रुपयेच येतात. योग्य रीत म्हणजे २,७५,००० ला ०.८८ ने भागावे. उत्तर ३,१२,५०० येते आणि तेच उद्दिष्ट ठेवावे.

जेवणाच्या रकमेला कात्री लावू नये, हेही आग्रहाने सांगावेसे वाटते. फुकट काम करणाऱ्या मित्राला वेळेवर गरम जेवण मिळाले नाही, तर चौथ्या दिवशी त्याचा उत्साह ओसरतो आणि तो का ओसरला हे तो बोलूनही दाखवत नाही.

४. आमच्याकडे व्हीएफएक्ससाठी (संगणकीय दृश्यपरिणामांसाठी) पैसे नाहीत. मग विज्ञानकथा कशी दाखवणार?

ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचे सॉफ्टवेअर पूर्णतः मोफत आणि मुक्त स्रोत आहे, आणि संकलन व रंगसंस्कारासाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती विद्यार्थ्यांच्या गरजेला पुरते. खरी अडचण सॉफ्टवेअरची नसून वेळेची आहे, कारण साध्या संगणकावर काही सेकंदांचे दृश्य तयार व्हायला रात्र जाते. म्हणून आम्ही प्रत्येक भागात संगणकीय दृश्यांची संख्या पाचावर बांधली होती आणि उरलेला परिणाम जागा, प्रकाश व आवाज यांतून साधला. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधील यंत्रे बाजूने निळसर प्रकाश टाकून चित्रित केली, तर यानाचा अंतर्भाग वेगळा बांधावा लागत नाही. ध्वनीवर खर्च केलेला रुपया पडद्यावर सर्वाधिक दिसतो, असा आमचा अनुभव आहे. धूसर चित्र प्रेक्षक सहन करतात, पण न समजणारा संवाद ऐकला की ते निघून जातात.

५. कोणत्या संकेतस्थळावर मोहीम सुरू करावी? किकस्टार्टर चालेल का?

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला किकस्टार्टरवर स्वतःच्या नावाने प्रकल्प मांडता येत नाही, आणि कोणा परदेशस्थ नातेवाइकाच्या नावाने मांडला तर पैसे इकडे आणताना प्रश्न १८ मधील गुंतागुंत उभी राहते. केटो आणि मिलाप ही लोकवर्गणीची संकेतस्थळे आपल्याकडे परिचित असली तरी त्यांवरील बहुतेक मोहिमा वैद्यकीय उपचारांच्या असतात, त्यामुळे मालिकेची मोहीम तेथे सहज नजरेत भरत नाही. व्यासपीठ कोणतेही घ्या, पण उद्दिष्ट गाठले नाही तर पैसे देणाऱ्याला परत जातात की आपल्याला मिळतात, हे अटींमध्ये वाचून घ्यावे. आपल्या भागातील वर्गणीदारांपैकी अनेकांना संकेतस्थळावर खाते उघडण्यापेक्षा क्यूआर कोड सोपा वाटतो, म्हणून दोन्ही मार्ग खुले ठेवावेत आणि दोहोंची बेरीज रोज एकाच तक्त्यात मांडावी.

६. मोहीम वर्षातून केव्हा सुरू करावी आणि किती दिवस चालवावी?

तीस ते चाळीस दिवस पुरेत. त्याहून लांबलेली मोहीम मध्येच थंडावते.

काळ निवडताना शेतीकडे पाहावे. जून-जुलैमध्ये पेरणीसाठी घराघरांतील पैसा बी-बियाणे आणि खतांत अडकलेला असतो, आणि ऑगस्टमध्ये पावसाने ताण दिला तर वर्गणीचा विषय काढणेही योग्य वाटत नाही. सोयाबीन बाजारात गेल्यानंतर आणि कापसाची पहिली वेचणी झाल्यानंतर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, हात थोडा मोकळा होतो. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे याच सुमारास गाव सोडतात, त्यामुळे बीड किंवा धाराशिवकडील गावांत त्यांच्याशी बोलायचे असेल तर त्याआधी जावे. हिवाळी सत्राच्या परीक्षा संपल्यावर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा चित्रीकरणाचा उत्तम काळ होय. मे महिन्यातील उन्हात मोबाइल आणि कॅमेरे तापून बंद पडतात, आणि माणसांचे हाल वेगळेच. करदृष्ट्याही हीच आखणी सोयीची ठरते. कारण प्रश्न ११ मध्ये दिले आहे.

७. गावाकडील लोक रोख पैसे देतात. ते घ्यावेत का? घरोघर फिरण्यासाठी परवानगी लागते का?

रोख घ्यावी, परंतु क्रमांक छापलेल्या पावतीपुस्तकाशिवाय एक रुपयाही घेऊ नये. पावतीची दुसरी प्रत पुस्तकातच राहिली पाहिजे, आणि त्या दिवशीची रोख दुसऱ्या दिवशी बँकेत भरली गेली पाहिजे. जमा रोख आधी चहापाण्याला वापरायची आणि नंतर हिशेब लावायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून टाळावी.

धार्मिक किंवा धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करायची असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते; गणेश मंडळे ती दरवर्षी घेतात. वेबमालिका हे धर्मादाय कार्य नाही, म्हणून पावतीवर ‘देणगी’, ‘समाजकार्यासाठी मदत’ असे शब्द छापू नयेत. ‘मालिकेच्या निर्मितीसाठी वर्गणी’ असे लिहावे आणि त्या बदल्यात काय मिळणार तेही तेथेच लिहावे.

८. वर्गणीदारांना बदल्यात काय द्यावे?

जे टपालाने पाठवावे लागत नाही ते द्यावे. श्रेयनामावलीत नाव, भाग एक आठवडा आधी पाहण्याची सोय, पटकथेची स्वाक्षरी केलेली प्रत, चित्रीकरणाच्या एखाद्या दिवशी भेटीचे निमंत्रण या गोष्टींना खर्च जवळजवळ नसतो आणि लोकांना त्या मनापासून आवडतात. टी-शर्टचे आश्वासन देऊ नये, कारण मापे, छपाई आणि कुरिअर यांत वर्गणीचा मोठा भाग संपतो. शंभर रुपये देणाऱ्याचे नावही पडद्यावर पूर्ण आणि शुद्ध लिहिलेले असावे. आमच्या नामावलीत सुमारे चारशे नावे होती. प्रत्येक नाव फोनवरून तपासून घ्यायला तीन दिवस गेले, आणि ते तीन दिवस सत्कारणी लागले असे आम्ही आजही मानतो.

९. नफा झाल्यास वाटून देऊ किंवा वर्षभरात पैसे परत करू, असे सांगितले तर लोक अधिक देतील. असे सांगावे का?

सांगू नये. या पानावरील एकच उत्तर पाळायचे असेल तर हे पाळावे.

परत करण्याचे वचन देऊन जनतेकडून पैसे घेतले, तर त्या रकमेकडे ठेव म्हणून पाहिले जाऊ शकते, आणि अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा वेगळा आहे. एमपीआयडी हे त्याचे नाव बातम्यांतून सर्वांना परिचित आहे. कंपनी स्थापन करून समभाग देण्याचा मार्गही सर्वसामान्यांसाठी खुला करता येत नाही. खासगी कंपनीला समाजमाध्यमांवरून समभाग घेण्याचे आवाहन करता येत नाही, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याखालील खासगी वाटप (निवडक व्यक्तींनाच समभाग देणे) एका आर्थिक वर्षात दोनशे व्यक्तींपुरते मर्यादित असते.

कायद्यापलीकडेही एक कारण आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट (एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्था) बुडाल्याने पोळलेली घरे मराठवाड्यात गावोगाव आहेत. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे ज्यांनी गमावले, त्यांच्यासमोर आपण पुन्हा ‘परतावा’ हा शब्द उच्चारू नये. वेबमालिकेला नफा होईलच याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही, म्हणून मालिकेचे काम सुरू झाल्यावर हे पैसे परत मिळणार नाहीत, असे मोहिमेच्या पहिल्याच परिच्छेदात स्वच्छ लिहावे. आम्ही तसे लिहिले होते, आणि ते वाक्य वाचून विश्वास बसला असे अनेकांनी आम्हाला सांगितले.

१०. पैसे कोणाच्या खात्यात घ्यावेत?

कोणा एकाच्या वैयक्तिक बचत खात्यात घेऊ नयेत. आम्ही सुरुवातीला तेच केले. काही दिवसांतच अनोळखी व्यक्तींकडून शेकडो लहान रकमा जमा झाल्याने बँकेने त्या मित्राचे खाते चौकशीसाठी गोठवले, आणि त्यात त्याच्या वसतिगृहाचे शुल्कही अडकले. पावत्या आणि मोहिमेचे कागद दाखवल्यावर खाते सुरू झाले, पण ऐन मोहिमेतील नऊ दिवस वाया गेले.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दोघा-तिघांनी भागीदारी करारनामा करावा, त्या भागीदारी संस्थेच्या नावाने पॅन काढावा आणि चालू खाते उघडून त्यातून पैसे काढण्यासाठी दोन सह्या आवश्यक ठेवाव्यात. त्याऐवजी सोसायटी म्हणून नोंदणीकृत संस्था स्थापन करण्यास किमान सात सदस्य आणि बराच काळ लागतो, म्हणून एका मालिकेसाठी आम्ही तो मार्ग सुचवत नाही.

११. या पैशांवर कर भरावा लागतो का?

वैयक्तिक खात्यात पैसे घेतल्यास ही बाब विशेष त्रासदायक ठरते. नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून मोबदल्याविना मिळालेली रक्कम एका आर्थिक वर्षात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा अधिक झाली, तर वरचीच नव्हे, संपूर्ण रक्कम त्या व्यक्तीचे उत्पन्न धरली जाते. प्रश्न १० मध्ये सांगितल्याप्रमाणे भागीदारी संस्था असेल, तर जमा रकमेतून निर्मितीचा खर्च वजा करता येतो, मात्र प्रत्येक खर्चाचे बिल जवळ असावे लागते. ढाब्यावरचे जेवण असो वा टेम्पोचे भाडे, साध्या कागदावर का होईना, पण तारीख, रक्कम आणि सही घ्यावी.

मोहीम फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि चित्रीकरण जूनमध्ये झाले, तर एका वर्षी नुसती जमा आणि पुढच्या वर्षी नुसता खर्च दिसतो. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच एप्रिल ते मार्च वर्षात बसवाव्यात. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक वीस लाखांच्या उलाढालीची असल्याने बहुतेक विद्यार्थी गट तिच्या खाली राहतात.

१२. वर्गणीदार ८०-जी ची (देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी) पावती मागतात. देता येईल का?

नाही. ती सवलत त्यासाठी मान्यता मिळालेल्या संस्थांना दिलेल्या देणग्यांनाच मिळते. ‘नंतर देऊ’ असेही सांगू नये.

१३. आमच्यापैकी काही जण अकरावी-बारावीत आहेत. त्यांना सहभागी होता येईल का?

काम करता येईल, करारावर सही करता येणार नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार कायद्याने बंधनकारक ठरत नाही, म्हणून खाते, भाडेकरार आणि हक्कांचे कागद यांवर सज्ञान सदस्यांच्याच सह्या असाव्यात आणि पालकांची लेखी संमती जोडावी. चौदा वर्षांखालील बालकलाकार असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि कामाचे तास दिवसाला पाचांपेक्षा अधिक ठेवता येत नाहीत.

१४. महाविद्यालयाचे नाव वापरावे का?

प्राचार्यांची लेखी परवानगी असेल तरच वापरावे. नाव वापरले की लोकांना पैसे महाविद्यालय घेत आहे असे वाटते, आणि पुढे तक्रार आली तर ती प्राचार्यांच्या टेबलावर जाते. ‘या महाविद्यालयात शिकणारे विद्यार्थी’ एवढा उल्लेख पुरेसा आहे. परवानगीसोबत प्रयोगशाळेत दोन दिवस चित्रीकरण करू देण्याची विनंती मात्र अवश्य करावी; विज्ञानकथेला खऱ्या प्रयोगशाळेइतके चांगले नेपथ्य दुसरे नाही.

१५. वेरूळ, दौलताबाद, लोणार किंवा जायकवाडी येथे चित्रीकरण करता येईल का?

वेरूळ, अजिंठा, दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील स्मारके आहेत. तेथे चित्रीकरणासाठी आगाऊ अर्ज, शुल्क आणि पटकथेचा तपशील द्यावा लागतो. मोबाइलवर कोणी विचारत नाही, या समजुतीने जाऊ नये. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात येते, पण जालन्याहून जवळ असल्याने प्रत्येक गटाच्या यादीत ते असतेच. उल्काघाताने बेसॉल्टमध्ये तयार झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, त्यामुळे वन विभागाच्या परवानगीविना आत साहित्य नेता येत नाही. जायकवाडी धरणाच्या भिंतीवर परवानगी मिळणे कठीण आहे, परंतु उन्हाळ्याच्या तोंडावर त्यामागील नाथसागर जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी भेगाळलेली जमीन कॅमेऱ्यात परक्या ग्रहासारखीच दिसते.

ड्रोन उडवण्यापूर्वी सरकारच्या डिजिटल स्काय या ऑनलाइन नकाशावर त्या जागेचा विभाग हिरवा, पिवळा की लाल आहे हे पाहावे. चिकलठाणा विमानतळाच्या परिसरात बंधने आहेत.

१६. संवाद प्रमाण मराठीत असावेत की बोलीत?

पात्र जेथले असेल तेथल्या बोलीत. ‘काय करायलास?’ असे विचारणारी शास्त्रज्ञ मुलगी पडद्यावर दिसली तेव्हा आमच्या प्रेक्षकांनी सर्वाधिक संदेश पाठवले, आणि त्यांतील बहुतेकांचे म्हणणे एकच होते की आपली भाषा नेहमी केवळ विनोदासाठी वापरली जाते. जुन्या शहरातील पात्र असेल तर दखनी उर्दूही येऊ द्यावी. वैज्ञानिक संज्ञा मात्र सर्वत्र एकसारख्या ठेवाव्यात, आणि खाली प्रमाण मराठीत उपशीर्षके द्यावीत, म्हणजे कोकणातला प्रेक्षकही अडखळणार नाही.

१७. सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते का?

इंटरनेटवर दाखवण्यासाठी लागत नाही. ओटीटी सेवांनी २०२१ च्या नियमांनुसार यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे वर्गीकरण स्वतः करायचे असते; आपणही प्रत्येक भागाच्या आरंभी योग्य ती सूचना द्यावी. चित्रपटगृहात किंवा तिकीट लावून सार्वजनिक खेळ करायचा असेल तर प्रमाणपत्र लागते. गावच्या पारावर मोठा पडदा लावून भाग दाखवण्याचा विचार असल्यास आधी तहसील कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात विचारणा करावी.

१८. अमेरिकेतील काका पैसे पाठवू इच्छितात. घ्यावेत का?

ते कोणत्या देशाचे नागरिक आहेत यावर उत्तर अवलंबून आहे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकमार्गाने पाठवलेले पैसे परकीय योगदान मानले जात नाहीत. परंतु त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी ते एफसीआरए या परकीय योगदानाचे नियमन करणाऱ्या कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोत ठरतात, आणि नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या गटाने त्यांच्याकडून वर्गणी घेऊ नये. म्हणून परदेशातून येणाऱ्या प्रत्येक रकमेआधी पारपत्राची चौकशी करावी. हे विचारताना संकोच वाटतो, पण काकांना कारण सांगितले की ते समजून घेतात.

१९. एखाद्या प्रसिद्ध परदेशी मालिकेतील पात्रे घेऊन आमची कथा रचली, आणि त्यातून पैसे कमावले नाहीत, तर चालेल का?

कमाई न करणे आणि परवानगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘स्टार ट्रेक’च्या विश्वावर आधारित ‘ॲक्सनार’ या चाहत्यांच्या चित्रपटासाठी लोकवर्गणीतून मोठी रक्कम उभी राहिली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये सीबीएस व पॅरामाउंट या हक्कधारक कंपन्यांनी निर्मात्यांवर खटला भरला. तो जानेवारी २०१७ मध्ये तडजोडीने मिटला. दरम्यान २०१६ साली त्या कंपन्यांनी चाहत्यांच्या चित्रपटांसाठी नियम जाहीर केले: एक भाग जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचा, पूर्ण कथा तीस मिनिटांची आणि वर्गणी ५०,००० डॉलरपर्यंत. असे नियम ज्यांनी जाहीर केलेले नाहीत त्यांच्या पात्रांना हात लावू नये. शिवाय, प्रश्न २ मधील विषय आपल्या दारात असताना दुसऱ्यांचे अवकाश उसने घ्यावे असे आम्हाला वाटत नाही.

२०. आम्ही सगळे मित्र आहोत. हक्कांचे कागद खरोखर करावे लागतात का?

मैत्री टिकावी म्हणूनच करावे लागतात. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. तोंडी ‘घे वापर’ याला अर्थ नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरते हक्क मिळाले असे मानले जाते. इंटरनेट साऱ्या जगात पाहिले जात असल्याने या दोन ओळी सुटल्यास पुढे मोठी अडचण होते. पटकथाकार, संगीतकार आणि कलाकार या प्रत्येकाकडून चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसाआधी एकेक पानाचा मराठी करार करून घ्यावा.

२१. उद्दिष्टाच्या निम्मेच पैसे जमले तर?

याचे उत्तर मोहीम सुरू होण्यापूर्वीच जाहीर करावे. आम्ही लिहिले होते की पूर्ण रक्कम आली नाही, पण किमान साठ टक्के आली तर पाचऐवजी तीन भाग करू, आणि त्याहून कमी आली तर पैसे परत करू. त्यासाठी पटकथाही तिसऱ्या भागाशी एक अर्थपूर्ण टप्पा गाठेल अशी लिहिली होती. परत करताना गेटवेचे शुल्क आपल्याला सोसावे लागते, तेवढी रक्कम आधीच बाजूला ठेवावी.

२२. मालिका रखडली, किंवा पदवी संपून अर्धे सदस्य पुण्याला निघून गेले तर?

हे जवळजवळ प्रत्येक गटात होते. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला वर्गणीदारांना कामाची स्थिती आणि शिल्लक रक्कम कळवावी. सांगण्यासारखे काही घडले नसेल तरीही कळवावे. उशीर झाला म्हणून आम्हाला कोणी रागावले नाही, पण एका महिन्याचे पत्र चुकले तेव्हा अकरा फोन आले. जाणाऱ्या सदस्याने हार्ड डिस्क, पासवर्ड आणि पावतीपुस्तक सहीनिशी दुसऱ्याकडे सोपवावे, आणि मूळ चित्रफितींच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावांत ठेवाव्यात.

२३. पैसे उरले, किंवा पुढे एखाद्या ओटीटीने मालिका विकत घेतली, तर वर्गणीदारांचा त्यावर हक्क असतो का?

भेटीच्या बदल्यात वर्गणी घेतली असेल आणि ठरलेली भेट पोहोचली असेल, तर पुढील उत्पन्नावर त्यांचा कायदेशीर हक्क राहत नाही. तरी हा मुद्दा नंतर उद्भवू नये म्हणून तो मोहिमेच्या मजकुरातच लिहावा. आम्ही असे ठरवले होते की उरलेली रक्कम वाटून घ्यायची नाही, तर पुढील मालिकेच्या खात्यात ठेवायची. चित्रीकरणाअखेर १८,४०० रुपये शिल्लक राहिले आणि ते तसेच जमेस धरून ताळेबंद सर्व वर्गणीदारांना पाठवला. विक्रीचा प्रस्ताव आल्यास आधी प्रश्न २० मधील करार बाहेर काढावेत, कारण खरेदीदार पहिल्याच भेटीत तेच मागतो. पूर्ण हक्क विकल्यास भाग मोफत पाहण्याची सोय बंद होऊ शकते. वर्गणीदारांना ती कायमची कबूल केली असेल, तर विक्रीकरारात त्यांच्यासाठी अपवादाचे कलम घालून घ्यावे, आणि खरेदीदार ते मान्य करत नसेल तर सही करण्यापूर्वी वर्गणीदारांना लेखी विचारावे.